त्या दुपारी मी भिंतीवर होते

प्रिय खारूताई,

पोचले गं, सुखरूप पोचले. तसं स्टेशनवरून फोनवर सांगितलंच होतं, पण फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का'पासून निघतं आणि 'ठेवते आता'ला येऊन थांबतं. मधलं सगळं राहूनच जातं. म्हणून हे पत्र. बाबा आत घोरताहेत. मी नव्हते त्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघराची 'नीट व्यवस्था' लावून ठेवली आहे. चहापूड शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी ती चमच्यांच्या खणात सापडली, का तर दोन्ही 'च'! साखर कुठे असेल ते ओळख. साबणाशेजारी. बाल्कनीतली झाडं मात्र जगवली त्यांनी. एक सोडून, आणि त्या एकाबद्दल ते बोलायला तयार नाहीत.

आमची ढमी कशी आहे? वरचा दात आला का? बाप दिवसभर कवळ्या करत बसतो, घरात फळीफळीवर जबडे मांडलेले, आणि लेकीच्या एका दातासाठी केवढी ती रडारड! मी पहिल्या दिवशी तुमच्या मागच्या खोलीत दिवा लावला आणि समोरच्या फळीवरून कुणाकुणाचे दात माझ्याकडे बघून हसले, तेव्हा खरंच दचकले होते. नंतर सवय झाली. शेवटी शेवटी तर त्यातला एक जबडा मला आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंसारखा वाटायला लागला होता. जावयांना सांगितलं तर त्यांनी गिऱ्हाईकाचं नाव सांगायला साफ नकार दिला. धंद्याची गुपितं असतात म्हणे.

इथे शेजारपाजारी सगळ्यांनी विचारलं, लेक कशी आहे. मुलगी पायलट आहे म्हटलं की अजूनही पहिला प्रश्न तोच, 'कुठल्या विमानावर?' मग मी सांगायचं, अहो विमान नव्हे, जहाज. बाहेरून येणाऱ्या कप्तानाला त्या बंदराचं पाणी ठाऊक नसतं, कुठे खडक आहे, कुठे गाळ साचलाय, कुठे पाण्याला ओढ आहे. म्हणून मोठं जहाज आलं की ही छोट्या बोटीतून समोर जाते, दोराच्या शिडीनं त्याच्यावर चढते आणि त्याला आत घेऊन येते. 'म्हणजे रस्ता दाखवते होय!' असं कुणीतरी म्हणतं, मी हो म्हणते आणि विषय संपतो. खरं सांगू का, माझ्याही डोक्यात ते तेवढंच होतं. लहानपणी तू कपाटावर, खिडकीच्या गजांवर, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसायचीस. मोठेपणी जहाजांवर चढतेस. मला वाटायचं, पोरीची खोड गेली नाही, उलट त्याचा पगार मिळायला लागला!

या महिन्यात तुझ्या घरात राहून जे पाहिलं ते मात्र मला ठाऊक नव्हतं. समुद्राला भरती-ओहोटी कळते, रविवार कळत नाही. तू पहाटे निघायचीस, दुपारी यायचीस, कधी दुपारी निघून उजाडताना. ढमीसाठी अंगावरच्या दुधाच्या बाटल्या भरून त्या बोटीवरच्या फ्रीजमध्ये ठेवायचीस, खलाशांच्या डब्यांशेजारी. त्यातली एक बाटली एकदा चहात गेली, ही गोष्ट तू सांगितलीस तेव्हा मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. त्या दिवशीचा चहा कुणी केला हे अजून बाहेर आलं नाही आणि ज्यांनी प्यायला ते सगळे 'मस्त झालाय' म्हणाले होते! तू हसत हसत सांगत होतीस, पण सांगताना एक हात ढमीच्या पायावर होता. ती झोपली होती, तरी तो हात तू उचलला नाहीस.

आणि तो तापाचा दिवस. धुक्यामुळे तू बाहेर जहाजावरच अडकून पडलीस. इकडे पाळणाघरातून निरोप आला, जावई जाऊन तिला घेऊन आले. आम्ही दोघांनी औषध दिलं, पुसून काढलं, खांद्यावर घेऊन येरझारा घातल्या. ताप उतरला. ती झोपली आणि मग तू आलीस. ओले बूट दारातच काढलेस, कपडे न बदलता पाळण्याशी बसलीस आणि तिच्या कपाळाला हात लावेनास. का, ते मला आधी कळलंच नाही. मग पाहिलं तर तू दोन्ही हात काखेत घालून बसली होतीस. हात गार होते तुझे. ते गरम होईपर्यंत तू तिला शिवली नाहीस. मी दारातून बघत होते. त्या संध्याकाळपासून तुझ्या मनात काहीतरी चाललंय हे मी ओळखलं होतं.

आता एक गोष्ट सांगते, ती जावयांना विचारून सांगते आहे. ते म्हणाले, 'सांगा, पण माझ्यावर चिडू नको म्हणावं.' त्यांच्या मागच्या खोलीत, मेणाच्या डब्यांमागे, हातात मावेल एवढा एक रेडिओ आहे. बंदरातलं बोलणं, जहाजांचं आणि त्यांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या टग बोटींचं, त्याच्यावर ऐकू येतं. तू कामावर गेलीस की तो चालू होतो आणि तुझी चावी दारात वाजली की बंद होतो. मला पहिल्यांदा वाटलं, हे चोरून मॅच ऐकताहेत. ढमी माझ्या कडेवर होती, हिरड्या शिवशिवत होत्या म्हणून किंचाळत होती, आणि मी तिला घेऊन त्या खोलीत गेले. तेवढ्यात त्या खरखरीतून आवाज आला, 'पुढचा टग, दोर ढिला करा.' आणि ढमी गप्प. जशी कुणी कळ दाबली. तिनं मान वळवली आणि त्या डबीकडे टक लावून बघत बसली. मला मात्र कळायला वेळ लागला. पोटच्या पोरीचा आवाज, आणि मी ओळखला नाही, तिनं ओळखला.

जावई अगदी चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. 'तिला सांगू नका,' म्हणाले. 'कुणीतरी ऐकतंय हे कळलं की माणूस त्याच्यासाठी बोलायला लागतं. तिथं तसं बोलून चालायचं नाही.' मला ते पटलं. मग आम्ही तिघं ऐकायला लागलो. तू घरात बोलतेस ना, 'आई, हे इथे ठेवू का गं,' 'आई, हिला आता भरवू की थांबू,' तो हा आवाज नव्हे. हा मोठा नव्हता, दरडावणारा नव्हता. पण त्यात 'का' नव्हतं, 'की' नव्हतं. एक वाक्य, मग थोडी जागा, मग पुढचं वाक्य. पलीकडून कुणीतरी तेच वाक्य परत म्हणायचं, आणि तिकडे समुद्रावर काहीतरी प्रचंड हलायचं. मी भाजी निवडता निवडता थांबायचे. मला त्यातलं अर्धंअधिक कळत नव्हतं, तरी थांबायचे.

आणि मग तो दिवस. तू म्हणालीस ना, नेहमीसारखाच होता, तो. त्या दिवशी सकाळपासून वारा होता. आकाश मात्र लख्ख. जावई म्हणाले, 'आज तुमच्या लेकीकडे फार मोठं जहाज आहे. इतकं लांब आपल्या बंदरात अजून आलेलं नाही. चला, भिंतीवरून बघू.' समुद्रात लांबवर गेलेली ती दगडी भिंत, लाटा अडवायला बांधलेली, जिच्यावर लोक फिरायला येतात, तिथे. ढमीला बाबागाडीत घातलं, तिच्या टोपीचे बंद बांधले, रेडिओ तिच्या पांघरुणात लपवला आणि आम्ही निघालो. होय, खारूताई. त्या दुपारी मी भिंतीवर होते.

जहाज आधी इमारतीसारखं दिसलं. लांब कुठेतरी किनाऱ्यावर एखादी इमारत असावी तसं. मग बघते तर ती इमारत मघापेक्षा जवळ. मला सगळ्यात नवल कशाचं वाटलं माहीत आहे? गप्पपणाचं. घरात खुर्ची सरकवली तरी आवाज होतो, आणि हे एवढं धूड काही न बोलता येत होतं. लाल, निळे, गंजलेले कंटेनर एकावर एक रचलेले, वर बघता बघता माझी मान दुखायला लागली. आणि त्या सगळ्याच्या वर काचांची खोली. जावयांनी बोट दाखवलं, 'तिथे आहे ती.' मी बघत राहिले. मी या मुलीला आंघोळ घातली आहे. तिच्या कानामागचा मळ काढला आहे. पाढे येत नाहीत म्हणून धपाटा दिला आहे. आणि ती तिथे, त्या काचांमागे, आणि हे सगळं तिच्या सांगण्यावर चाललं आहे. माझ्या अंगावर काटा आला तो वाऱ्यानं नव्हे.

जहाज बंदराच्या तोंडाशी आलं तेव्हा रेडिओतला तुझा आवाज अगदी तसाच होता, म्हणून मला आधी काही कळलंच नाही. तू म्हणालीस, 'सुकाणू अडकलंय. उजवीकडे अडकलंय. दोन्ही टग, नीट ऐका.' जणू गॅस संपलाय असं सांगावं तसं. पण जावयांचा चेहरा पांढरा पडला. मी समोर पाहिलं. जहाजाचं नाक वळत होतं. आमच्याकडे. हळूहळू, कसलीही घाई नसल्यासारखं, ते आमच्याकडे वळत होतं.

मागचा टग तू सरळ मागे ओढायला लावलास, असेल नसेल तेवढ्या ताकदीनं. पुढच्याला म्हणालीस, उजव्या बाजूला या, भिंतीकडच्या. तो एवढासा टग जहाज आणि दगड यांच्यामधल्या पाण्यात शिरला. तू विचारलंस, 'जागा आहे का?' पलीकडून घोगरा आवाज आला, 'आहे मॅडम. थोडी आहे.' तू म्हणालीस, 'ढकला मग. आणि ऐका, निघावंसं वाटलं की निघा, मला विचारत बसू नका.' तो म्हणाला, 'निघत नाही.' त्यावर तू काय म्हणालीस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणालीस, 'ते तुम्ही ठरवा. पण मागची वाट मोकळी ठेवा. मी तिच्याकडे बघतेय.' एवढं मोठं जहाज हाताबाहेर चाललेलं, आणि तू त्या माणसाच्या निघायच्या वाटेवर लक्ष ठेवून होतीस.

भिंतीवरचे लोक पळायला लागले. जावयांनी ढमीला गाडीतून उचललं, म्हणाले, 'आई, मागे चला.' मी हलले नाही. धीट आहे म्हणून नव्हे. आणि भीती वाटायला सवडच कुठे होती? पांघरुणातला रेडिओ हातात घेऊन मी ऐकत होते. 'नांगर सोडतेय, दोर सांभाळा,' असं तू म्हणालीस आणि जहाजाच्या नाकातून साखळी सुटली. काय तो आवाज! पायाखालचे दगड थरथरले. गंजाचा लाल धुरळा उठला, एवढा की घटकाभर जहाजाचं नाक दिसेना. तो विरला तेव्हा त्या पोलादावरचे गंजाचे ओघळ मला दिसत होते, रंगाचे पोपडे दिसत होते. खाली पाणी उकळत होतं. जहाज अजून येत होतं. मग कमी येत होतं. मग येत नव्हतं.

मग तुझा आवाज, 'थांबलं. मागचा, ठीक?' ठीक म्हणाला. 'पुढचा?' थोडा वेळ काही नाही. मग तो घोगरा, 'ठीक मॅडम. रंग गेला जरा.' तू म्हणालीस, 'रंग मी लावून देईन. सावकाश बाहेर या आता.' आणि तेव्हा, फक्त तेव्हा, शेवटच्या शब्दाला तुझा आवाज एवढासा हलला. दुसऱ्या कुणाला कळला नसेल. मी आई आहे, मला कळला. जावयांनी माझा हात धरला होता, तो किती घट्ट, हे मला नंतर बांगडीचा वळ बघून कळलं. आणि ढमी? एवढ्या सगळ्या प्रकारात ती बापाच्या खांद्यावरून रेडिओकडे बघत बसली होती आणि त्याची एरियल चघळत होती!

पुढे सुकाणू सुटलं, तिसरा टग आला, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला हळूहळू धक्क्याला लावलं. आम्ही घरी जायला हवं होतं. पण मी जावयांना म्हटलं, मला ती खाली उतरलेली बघायची आहे. म्हणून आम्ही वळसा घालून बंदराच्या कुंपणापाशी गेलो. तू उतरलीस. नारिंगी जाकीट, डोक्यावर हेल्मेट, खांद्याला पिशवी. कुणाशी तरी दोन शब्द बोललीस, कागदावर सही केलीस. मग सगळे पांगले. मला वाटलं, आता तू गाडीकडे जाशील. तू गेली नाहीस. तू वळलीस आणि त्या जहाजाकडे बघत उभी राहिलीस. हेल्मेट काढलंस, मान मागे टाकलीस, केस वाऱ्यानं तोंडावर येत होते, ते बाजूला केले नाहीस. दमलेली होतीस, तरी तू वर बघत होतीस. हसत नव्हतीस, रडत नव्हतीस. तोंड किंचित उघडं. मी कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून तुझ्याकडे बघत होते, आणि तो चेहरा मला ओळखीचा वाटला. कुठला, ते लगेच आठवेना. जावई म्हणाले, हाक मारू का? मी म्हटलं, नको. देवळात कुणी डोळे मिटून उभं असलं तर आपण त्याला हाक मारतो का?

संध्याकाळी तू घरी आलीस, हात धुतलेस, ढमीला जवळ घेतलंस. मी विचारलं, कसा गेला दिवस? तू म्हणालीस, 'नेहमीसारखाच.' आणि जेवताना, पाणी मागावं इतक्या साधेपणानं सांगितलंस, की पहिल्या तारखेपासून तू जमिनीवरचं काम घेणार. बंदराच्या साहेबांनी वरच्या कचेरीतली खुर्ची देऊ केली आहे, ठरलेल्या वेळा, सुट्ट्या, धुकं असलं तरी वेळेवर घरी. त्यांचा हेतू चांगला आहे, तेही तू सांगितलंस. आणि हेही, की एकदा वर बसलं की परत शिडीवर कुणी पाठवत नाही. 'ढमीला आई हवी,' म्हणालीस. जावयांनी माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे पाहिलं. आमच्या गप्प बसण्याला तू होकार समजलीस. तसं समजणं साहजिक होतं. पण मी गप्प होते कारण माझ्या कानात अजून ती साखळी सुटत होती.

मी तुला शिडीवरच राहा असं सांगायला बसलेली नाही, हे आधीच स्पष्ट करते. मी भाबडी नाही. रेडिओतला आवाज ढमीला गप्प करतो, पण तिचं नाक पुसत नाही. तापात तिला तूच हवी होतीस, आम्ही दोघं कितीही नाचलो तरी. ती आणखी पुष्कळदा तुझ्यासाठी रडेल आणि तू कुठेतरी धुक्यात असशील. आणि आई येऊन राहील, सांभाळेल, असंही मनात आणू नकोस. तुमचे ते तीन जिने माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, बाबांना चहापूड सापडत नाही, आणि खरं सांगायचं तर मला माझ्या सकाळी आवडायला लागल्या आहेत. म्हणजे माझ्याकडून तुला सोय काहीच नाही. कचेरीतलं कामही हलकं नाही. कुणीतरी तिथे बसतं म्हणून तर तुमची जहाजं एकमेकांवर आदळत नाहीत. तिथे जावंसं वाटलं तर जरूर जा. मग हे पत्र कशाला?

तर त्यासाठीच बसले. स्टेशनवर माझी पिशवी वर ठेवलीस, मला मिठी मारलीस आणि कानाशी म्हणालीस, 'आई, तू माझ्यासाठी तुझी नोकरी सोडलीस. मला ढमीसाठी एवढं जमू नये?' मी तोंड उघडलं आणि गाडी सुटली. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य. खारूताई, ही गोष्ट तू बाबांच्या तोंडून ऐकत मोठी झालीस. पाहुणे आले की ते कौतुकानं सांगायचे, हिचा हात काय होता, इंजिनियरांच्या कचेरीत हिच्यासारखे नकाशे कुणी शाईनं उतरवत नसे, पण लेकीसाठी सगळ्यावर पाणी सोडलं. तू तिथेच बसलेली असायचीस, खाली मान घालून. त्यांनी ते प्रेमानंच सांगितलं आणि त्यांना ते खरंच वाटतं. पण मला कधी कुणी विचारलं नाही, तूही नाही, म्हणून आज न विचारता सांगते. तू चार महिन्यांची होतीस. मी कामावर परत जायला लागले होते, तुला शेजारच्या आजी सांभाळायच्या, तू मजेत होतीस, मीही. कुणी सोड म्हटलं नव्हतं, तुझ्या बाबांनी नाही, सासूबाईंनी तर नाहीच. एके दुपारी पाण्याच्या नळांचा नकाशा उतरवत होते आणि लक्षात आलं, माझी रेघ घाई करते आहे. काळजीची घाई नव्हे. आदल्या दिवशी तुला तुझा हात सापडला होता. तू तो डोळ्यांसमोर धरून, मूठ उघडून, मिटून, उलटा करून बघत होतीस, आणि मी जेवण विसरून तुला बघत होते. कुणालातरी पहिल्यांदा काही कळायला लागतं ते माझ्यासमोर चाललं होतं, आणि आज काय सापडलं असेल ते मला बघायचं होतं. दुसऱ्या कुणी सांगितलेलं नको होतं, मला स्वतःला बघायचं होतं. मी राजीनामा दिला. आमचे साहेब घरी येऊन समजावून गेले, मैत्रिणी हळहळल्या, मी चेहरा गंभीर ठेवून ऐकून घेतलं आणि दार लावून तुझ्याकडे पळाले. त्या कामाची मला एकदाही आठवण येऊन रडू आलं नाही. मी काही सोडलं नव्हतं गं, मी धरलं होतं. तो त्याग नव्हता, हाव होती. धक्क्यावरचा तुझा चेहरा मला का ओळखीचा वाटला ते घरी आल्यावर कळलं. माझाच होता, तुझ्या पाळण्यावर वाकलेला. तेव्हा तुला जमिनीवर यावंसं वाटत असेल तर ये, मन भरून ये, मी एक शब्द बोलणार नाही. पण आईनं केलं म्हणून येऊ नकोस. आईनं तसं काही केलंच नव्हतं.

तुझीच, अजून कानात साखळीचा आवाज घेऊन बसलेली,
आई